गोदाचं सुकाणू

दहिवलीच्या मागच्या रस्त्याने येताना दीक्षाने स्कूटरचा ब्रेक असा काही दाबला, की मागे बांधलेलं टाकीचं झाकण तिच्या पाठीवर आलं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांच्या कडेला, एका शेतघराच्या आवारात, चक्क शिडाची होडी उभी होती. कर्जतमध्ये! आणि त्या होडीखाली कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून एक तरुण माती उपसत होता.

असं काही दिसल्यावर गुपचूप पुढे जाणाऱ्यांतली दीक्षा नव्हेच. तिने कुंपणावरूनच हाक मारली.

"अहो, होडी पुरताय की काय?"

त्याने वर पाहिलं. कपाळावर माती, मिशीवर माती... हसू मात्र लख्ख.

"पुरत नाय, वाचवतोय. सुकाणू काढून तपासायचं हाय. ते खाली सरकूनच निघतं, आणि खाली जागा नाय. मग जमिनीलाच म्हटलं, तू जरा सरक."

दीक्षा हसली, आणि स्कूटर स्टँडवर लावून आत गेली. पाच मिनिटांसाठी. असं ती स्वतःला म्हणाली.

त्याचं नाव नवशा. कशेळ्याच्या वर, डोंगरातल्या वाडीचा. शेतघराच्या मालकांनी त्याला झाडांना पाणी घालायला ठेवलं होतं, आणि दर हिवाळ्यात अलिबागला नेऊन शीड कसं सोडायचं, वारा कसा धरायचा, तेही शिकवलं होतं. पुढे मालक थकले, होडी इथे आवारात येऊन सहा वर्षं उभी राहिली. यंदा मालक गेले. जाण्याआधी होडी त्याच्या नावावर करून गेले. पण जागा विकली गेली होती आणि नव्या मालकांना रविवारपर्यंत आवार मोकळं हवं होतं.

"अलिबागला एक जण पावसाळ्यापर्यंत काम देतोय, होडीसकट," नवशा म्हणाला. "रविवारी दुपारी क्रेन येल. सुकाणू धड निघालं तर समुद्र. नाय तर भंगार."

होडीच्या पाठीवर फिकट निळ्या अक्षरांत 'गोदा' लिहिलेलं होतं. बोलता बोलता त्याने त्या अक्षरांवरची धूळ बोटाने पुसली. केवढ्या हळुवारपणे! दीक्षाला तो हात आवडला. आता हात आवडण्याला काय लागतं, नाही का?

"मग धड आहे की नाही, कोण सांगणार?" तिने विचारलं.

"तोच घोळ हाय. पातं फायबरचं. आत पाणी शिरलं असलं तर वरून कळत नाय."

दीक्षाने ओढणी कमरेला खोचली. "काकांचं खालापूरला फायबरचं वर्कशॉप आहे. टाक्या, दारं सगळं बनतं. बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू मी ठोकून बघते. आवाज ऐकला की आत काय आहे ते सांगते."

"म्हंजे डॉक्टरच की!"

"हो. फक्त पेशंट ओरडत नाहीत."

सुकाणूचा वरचा बोल्ट गंजून बसला होता. नवशा घण घ्यायला निघाला, तर दीक्षाने डिकीतून गंज सोडवायचं तेल आणि आपली चिमुकली हातोडी काढली. "मारायचं नाही. थोपटायचं." ती शिडीने होडीत चढली, तो खड्ड्यात उतरला. अर्धा तास थोपटल्यावर बोल्ट सुटला, आणि सुकाणू आपल्या लांब लोखंडी दांड्यासकट हळूहळू त्याच्या खांद्यावर उतरलं. एवढं ओझं, पण पात्याचं टोकही त्याने जमिनीला लागू दिलं नाही. बाजूला पेंढ्याची जाड गादी आधीच घातलेली होती. तिच्यावर त्याने ते अलगद निजवलं.

दांडा निघाला त्या जागी होडीच्या तळातून आरपार नळी मोकळी झाली होती. दीक्षाने वरून डोकावलं. नेमकं तेव्हाच त्याने खालून डोकावलं. हातभर नळीच्या पलीकडे एकच डोळा... काळाभोर, हसरा.

"दिसतंय का काय?" खालून आवाज आला.

"दिसतंय," ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

मग तपासणी. दांडा त्याने कापडाने पुसून नखाने चाचपला. कुठे चीर नव्हती. पात्याशी दीक्षा गुडघे टेकून बसली. ठक. ठक. ठक. वर, खाली, मधे. तिचा चेहरा उतरत गेला. सगळीकडून एकच आवाज, मेलेला.

"आतून पूर्ण गेलंय," ती हळूच म्हणाली. "पाणी शिरलंय."

 नवशा पेंढ्याची एक काडी तोडत म्हणाला, "बरं झालं, कळलं तरी. भर समुद्रात मोडलं असतं तर... उद्या दुपारी पोपटशेटला बोलावतो, भंगारवाल्याला." आणि जरा थांबून, "तुमच्या वर्कशॉपात माणूस पायजे का?"

"काकांना विचारते," दीक्षा म्हणाली.

भिसेगावला घरी पोहोचेपर्यंत ती गुणगुणत होती. त्याची होडी भंगारात निघाली आणि आपण गुणगुणतोय, याची तिला लाजही वाटली. गुणगुणणं मात्र थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये तिच्या हाताखालच्या राजेशने हाक मारली. "ताई, नवं दार खराब निघालं. आवाज बघा." दार पॅकिंगच्या पेंढ्यावर आडवं पडलेलं होतं. दीक्षाने ठोकलं. ठक. मेलेला आवाज.

"अरे, पेंढ्यावर ठेवून काय ठोकतोस? पेंढा आवाज गिळतो. उभं कर आधी."

उभं केलं. टण्! खणखणीत.

आणि दीक्षाच्या हातातली हातोडी तिथेच थांबली. काल तिने काय केलं होतं? इतक्या वर्षांत कुणी एवढ्या मायेने तिच्यापुढे काही निजवलंच नव्हतं. ती त्या हातांकडे बघत बसली आणि पेंढ्याच्या गादीकडे बघायचं विसरली.

तेवढ्यात चहा आला. ती ग्लास घेऊन बसली. हे कुणालाच माहीत नव्हतं. दुपारपर्यंत गप्प राहिलं की झालं. नवशा इथे येईल, रोज येईल, याच बाकावर बसून चहा पिईल... चहा संपला. दीक्षाने ग्लास ठेवला, स्कूटरची किल्ली घेतली आणि "काका, आलेच" म्हणत जी सुटली ती थेट दहिवलीला.

फाटकाशी पोपटशेटचा टेंपो दुपारच्या आधीच लागलेला होता. पोपटशेट कापायचं मशीन उतरवत होता आणि नवशा होडीकडे पाठ करून उभा होता.

"थांबा! पोपटशेट, हात नका लावू!" दीक्षा ओरडली. "नवशा, माझं चुकलं. दोर आण. सुकाणू टांगून ठोकायला हवं होतं!"

त्याने काही विचारलं नाही. दोर आणला. दोघांनी सुकाणू आंब्याच्या फांदीला टांगलं. दीक्षाने श्वास रोखून हातोडी लावली.

टण्.

पुन्हा. टण्. वर टण्, मधे टण्. खालच्या कोपऱ्यात तेवढा तळहाताएवढा भाग ठक वाजला. तिथे तिने डिकीतल्या छोट्या ड्रिलने बारीक भोक पाडलं, तर तांबूस पाणी आलं, जेमतेम दोन चमचे.

"एवढंच?" नवशाने ते पाणी बोटावर घेऊन पाहिलं.

"एवढंच. वाळवून भरून देते. रविवारपर्यंत होतंय."

पोपटशेट टेंपो घेऊन कुरकुरत निघून गेला. नवशा तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात एवढं कौतुक होतं की दीक्षाला नजर कुठे ठेवावी कळेना.

"आपली चूक सांगायला एवढ्या लांबून कोण येतं?" तो म्हणाला.

"एवढं कौतुक नको. सकाळी कळलं, तरी... एक चहा होईपर्यंत गप्प बसले होते."

"का?"

दीक्षा हातोडी पुसत राहिली.

पुढचे तीन दिवस ती काम आटपून यायची. वाळवणं, घासणं, भरणं, पुन्हा घासणं. तो वाडीवरून आणलेल्या वालाच्या शेंगा भाजून पुढे ठेवायचा, त्यातल्या भरल्या शेंगा बरोबर तिच्याकडे सरकवायचा. त्याच्या तोंडचं 'तुमी' कधी 'तू' झालं, दोघांनाही कळलं नाही.

रविवारी सकाळी सुकाणू परत चढवायचं होतं. हे एकट्याचं काम नाही. एकाने खालून उचलायचं, दुसऱ्याने वर दांडा धरून बोल्ट घालायचा. नवशा खड्ड्यात उतरला. दीक्षा वर नळीशी बसली. क्रेन यायला तासभर होता.

"दीक्षा..." नळीतून आवाज आला. "दांडा आत आला की नळी बंद. मग काय ऐकू येणार नाय. म्हणून आत्ताच विचारतो. तवा चहा होईपर्यंत गप का बसलीस?"

तिने डोळे मिटले. समोर तो नव्हता, नुसती नळी होती, म्हणून जमलं.

"तू राहिला असतास... म्हणून."

 मग खूप जवळून आल्यासारखा आवाज. "आणि मी काम मागितलं ते काय पगारासाठी मागितलं व्हय गं? मला तू आवडतेस. पाऊस लागायच्या आधी परत येतो, आईला घेऊन भिसेगावला. सुकाणू दर वरशी उतरवून बघाय लागतं. दर वरशी मी उतरवीन, तू ठोक. येशील ना माझ्या घरात?"

दीक्षाने तोंड उघडलं, पण त्याला उत्तर ऐकायचा धीर नव्हता की काय, तोवर त्याने खांदा लावला होता. दांडा वर सरकू लागला. नळीतला उजेड गेला, डोळा गेला, आवाज गेला. तिने दांड्याचं टोक धरलं आणि बोल्ट घालून घट्ट आवळला.

मग हातोडी उचलून तिने दांड्याच्या डोक्यावर एकदाच ठोकलं.

टण्.

 आणि मग पात्यावर खालून, बोटांच्या पेरांनी, घाईघाईने... टक टक टक टक! नवशा धडपडत खड्ड्याबाहेर आला, केसांपासून पायांपर्यंत मातीत माखलेला, आणि होडीच्या कठड्याला हात लावून वर बघत राहिला.

"ऐकू आलं?" दीक्षाने विचारलं.

"आलं," तो म्हणाला. "आता खाली ये की गं."