मागच्या पायरीवरचं पीठ

घरात लग्न असलं की वलीम्याच्या, म्हणजे नवऱ्याकडच्या मेजवानीच्या दिवशी, जेवणं सुरू व्हायच्या आधी, मागच्या पायरीवर तीन वस्तू ठेवायच्या. पत्र्याच्या मापानं एक माप पीठ, मूठभर चहापत्ती आणि मूठभर साखर. ठेवायच्या त्या घरातल्या बिनलग्नाच्या मुलीनं. तिनं उंबऱ्यापर्यंत उलट्या पावलांनी जायचं, वाकून हात मागं न्यायचे, ताट टेकवायचं आणि मागं न बघता आत यायचं. आणि हे सगळं का, ते विचारायचं नाही.

सातव्या वर्षी राहतनं ते विचारलं, तेव्हा सरदारबी फुफीनं, म्हणजे आत्यानं, तिच्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर तिथं जांभूळ पिकलं होतं. आता राहत इतिहासात एम.ए. झाली होती. जीभ वाढली होती, फुफीचा चिमटा मात्र तेवढाच होता. आणि आज राहतच्या धाकट्या भावाचा, आतिफचा, वलीमा होता.

विजापूर वेशीजवळच्या त्या घरात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीत बिर्याणीच्या डेगा चढल्या होत्या. आतल्या खोलीत बायकांची ढोलकी तापली होती, आणि दर गाण्यात नवरदेवाच्या नाकाचा उद्धार होत होता. टेंभुर्णीहून आलेली नवी नवरी, सादिका, मान खाली घालून बसायचं सोडून प्रत्येक गाण्याला सगळ्यांत आधी हसत होती. बाहेर मे महिन्याचं सोलापूर भाजून निघत होतं, पण आज उन्हाचीही कुणाला फिकीर नव्हती.

मांडवात राहतचे थोरले काका, बडे अब्बा, पाहुण्यांना उंटांची गोष्ट सांगत होते. या घराचा धंदा ट्रकांचा. प्रत्येक ट्रकच्या मागच्या फळीवर एक उंट रंगवलेला, आणि तो का, हे विचारायची पाहुण्यांना सोयच नसायची. बडे अब्बा आपणहून सांगायचे.

"आमचे परदादा उंट घेऊन बोटीत बसले, ते थेट ऑस्ट्रेलियात उतरले. तिकडं नुसती वाळू. रस्ता नाही, रेल्वे नाही. तारा, पोती, पाण्याच्या टाक्या, पाद्र्यांच्या मिशनचं सामान, सगळं आमच्या उंटांच्या पाठीवर! महिना-महिना चालायचे."

"आणि परदादी कुठल्या म्हणायच्या?" सादिकाच्या वडिलांनी विचारलं.

"पठाणी. काबुलच्या," बडे अब्बा म्हणाले आणि घाईनं सरबत मागवलं.

पाण्याचा जग घेऊन जाणारी राहत दारातच थबकली. काबुलच्या! घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की ती बाई त्याच वाळवंटातली होती. तिथल्या मूळ लोकांतली. लहानपणी तिला मिशनमध्ये ठेवलं, अंगात झगा घातला आणि मारिया असं नाव दिलं. तिचं खरं नाव इकडंही कुणी विचारलं नाही. परदादांनी तिच्याशी निकाह केला आणि तिला सोलापुरात आणलं. ती मागच्या खोलीत राहिली, मागच्या पायरीवर बसून जेवली, आणि तिथंच गेली. तिचा सावळा, दाट रंग तीन पिढ्या ओलांडून नेमका राहतच्या अंगावर उतरला होता. फुफी त्याला 'उन्हानं रापलीय' म्हणायची आणि दर ईदेला गोरं व्हायचं क्रीम आणायची.

मागच्या दारावर अजून परदादांच्या उंटाची पितळी घंटा टांगलेली होती. तिच्यात लोलक नव्हता. परदादांनीच तो काढून टाकला होता म्हणे. कारण घंटा वाजली की ती बाई हातातलं काम टाकून उठायची आणि चालायला लागायची.

"राहत!" स्वयंपाकघरातून हाक आली. "ये गे. वेळ झाली."

फुफीनं ताट तयार ठेवलं होतं. पीठ, चहापत्ती, साखर.

"कच्चंच का गं, फुफी? दारात डेगच्या डेग शिजलीय."

"तिच्या मुलुखाचा रिवाज हाय तो. परदादांनीच त्यांच्या अम्मीला सांगितलेलं, हिला तिकडं पीठ, चहा, साखर देत होते. तेव्हापासून तेच. दुसऱ्याचा रिवाज आपण मोडत न्हाय, बाई."

"कोण देत होते?"

"मला काय ठाऊक? तिचे लोक देत असतील."

"आणि मागं बघितलं तर?"

फुफीनं आवाज खाली केला. "तर ती तुझ्या मागनं आत येती."

"येऊ दे की. मग?"

"मग काय मग! विचारायचं नसतं म्हटलं ना? धाकट्याचं लग्न झालं, हिची अजून वकिली चाललीय. जा!"

राहत हसली. ताट पाठीमागं धरून ती उलट्या पावलांनी निघाली. ढोलकी, हसू, भांड्यांचा खणखणाट तिच्या डोळ्यांसमोरून एकेक पाऊल लांब जात राहिला. टाचेला उंबरा लागला. मागून झळ आली, तव्यावरून यावी तशी. दाराच्या मागं ट्रक धुवायची मोकळी जागा होती. पूर्वी तिथं उंट बांधायचे. आत्ता तिथं चिटपाखरूही नसणार.

ती वाकली. ताट पायरीवर टेकलं. आणि ढोलकी थांबली.

थांबली म्हणजे, समोर बायकांचे हात हलताना दिसत होते, तोंडं उघडत होती, पण आवाज तिच्यापर्यंत येत नव्हता. आवाज येत होता तो पाठीमागून. अनवाणी पावलांचा. वाळूतून चालावं तसा, फस्स... फस्स... आणि धुराचा वास. डेगांखालच्या लाकडांचा नव्हे. कुठल्यातरी दुसऱ्याच, न पाहिलेल्या झाडाचा कोरडा, गोडसर धूर.

पावलं पायरीशी येऊन थांबली.

आता आत जायचं, एवढंच करायचं होतं. तेवढ्यात मागं बारीकसा आवाज झाला. पत्र्याचा डबा पुढं धरल्याचा. रिकाम्या डब्याचा. त्यानंतर काहीच नाही. कुणी ताट उचललं नाही, कुणी पुढं आलं नाही. कुणीतरी नुसतं उभं होतं... हात पुढं करून... वाट बघत.

आणि राहतला तो फोटो आठवला.

कॉलेजात मॅडमनी पडद्यावर दाखवलेला. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा मिशनमधली एक खिडकी. बाहेर उन्हात झगे घातलेल्या सावळ्या बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात डबा. खिडकीतून बाहेर आलेला एक गोरा हात, आणि त्या हातात पत्र्याचं माप. मॅडम म्हणाल्या होत्या, त्यांची जमीन, त्यांचं पाणी, शिकार, सगळं गेलं. मग दिवसभराच्या कामाला आणि प्रार्थनेला हजर राहिलं तर पीठ, चहा, साखर मिळायची. "आपल्या सेटलमेंटसारखंच की," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं होतं. इंग्रजांनी 'गुन्हेगार' जमाती ठरवून सोलापुरात तारेच्या कुंपणात डांबलेली माणसं ज्यांच्या आज्यांना आठवत होती, त्या मुली वहीत लिहायच्या थांबल्या होत्या.

रिवाज! हा कुणाचा रिवाज नव्हता. ते रेशन होतं. परदादांनी आपल्या आईला जे पाहिलं तेच सांगितलं, आईनं ते नव्या सुनेची आवड समजून मोठ्या मायेनं मोजून दिलं, आणि तेव्हापासून हे घर दर आनंदाच्या दिवशी तिला पुन्हा त्या खिडकीसमोर उभं करत होतं. पाठ फिरवून. तिचं तोंडसुद्धा न बघता.

राहत वळली.

पायरीवर कोणी नव्हतं. पायरीखाली मात्र तांबडी माती पसरली होती, कुंकवासारखी तांबडी. सोलापूरची माती काळी. आणि त्या मातीवर एक सावली पडली होती. भर दुपार होती, राहतची स्वतःची सावली पायाखाली गोळा झाली होती. ही सावली लांब होती. सूर्य बुडता बुडता पडावी तशी लांब, सडसडीत. तिचा हात पुढं होता.

तिकडं ऑस्ट्रेलियात आत्ता संध्याकाळ झाली असेल, असं राहतच्या मनात आलं, आणि तिला एकदम बरं वाटलं. खूप दिवसांनी घरचं माणूस स्टेशनवर दिसावं तसं.

तिनं ताट उचललं. "हे नको," ती म्हणाली. "आत चला, दादी. जेवायला वाढलंय."

दार तिनं सताड उघडं ठेवलं. ती सरळ चालत आतल्या खोलीत आली, आणि ढोलकी पुन्हा ऐकू आली. जेवणाचा दस्तरखान अंथरलेला होता, मोठ्या थाळांभोवती बायका गोल करून बसत होत्या. सादिकाच्या थाळात बिर्याणीचा ढीग वाफाळत होता, कडेला जर्द्याचा गोड केशरी भात.

"सरका जरा," राहत म्हणाली. "एकजण येतेय."

"कोण?"

"आपली खापरपणजी."

सादिकानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग मेंदीचे दोन्ही हात वर धरून, हसत हसत ती गुडघ्यांवर सरकली. "या की. थाळ मोठाय."

फुफीनं राहतच्या हातातलं पीठ पाहिलं. "या अल्ला... वळली ही! मागं बघितलंस?"

"बघितलं."

गलका मांडवापर्यंत गेला. बडे अब्बा खाकरत दारात आले, त्यांच्यामागं आतिफ.

"काय लावलंय, राहत? पाहुणे बसलेत. ते ताट पायरीवर ठेव आणि दार लाव."

"बडे अब्बा, दादी काबुलच्या नव्हत्या."

"हळू बोल!"

"का हळू? सादिका, तुझ्या घरच्यांना सांग, आमची खापरपणजी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली होती. माझ्यासारखी दिसायची. मिशनवाले तिला रांगेत उभं करून पीठ मोजून द्यायचे, आणि आम्हीही तेच केलं. शंभर वर्षं."

"आपा, नंतर बोलू ना," आतिफ पुटपुटला.

"नंतर म्हणजे तुझ्या मुलीनं ठेवायचं का हे ताट?"

आतिफनं सादिकाकडं पाहिलं आणि तो दारातनं बाजूला झाला.

"हे बघ," बडे अब्बांचा आवाज आता घोगरा झाला होता. "मोठ्यांनी ठरवलेलं असतं त्याला कारण असतं. ती आत आली तर काय होईल, ठाऊक आहे तुला?"

"नाही. तुम्हाला ठाऊक आहे?"

बडे अब्बांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"मी ते ताट ठेवणार नाही," राहत म्हणाली. "दारही लावणार नाही. आणि माझ्यानंतर या घरातली कुठलीच मुलगी पाठ करून तिला वाढणार नाही. जेवेल तर आमच्या थाळात, आमच्या मांडीला मांडी लावून."

सादिकानं बिर्याणीचा एक घास उचलला आणि रिकाम्या जागेसमोर, थाळाच्या कडेला, अलगद ठेवला. बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. ढोलकीवर एक थाप पडली.

त्या थापेला उत्तर आलं. मागच्या दाराकडून नव्हे, घरातूनच, अगदी जवळून. टण्... टण्... उंटाच्या चालीसारखं, संथ. लोलक नसलेली घंटा वाजत होती, आणि राहतच्या लक्षात आलं की आपले पाय त्या ठेक्यावर हलताहेत. धुराचा तो गोडसर वास खोलीभर पसरला. तिला मोठ्यानं हसू आलं.

बडे अब्बा एक पाऊल मागं सरकले. फुफीचा हात तोंडावर गेला. दोघंही राहतकडं बघत नव्हते. ते तिच्या पायाशी, जमिनीवर बघत होते.

राहतनं खाली पाहिलं. तिथून दोन सावल्या निघाल्या होत्या, शेजारी शेजारी, संध्याकाळच्या लांब सावल्या, भिंतीपर्यंत पोचलेल्या. एक तिची. दुसरीनं हात पुढं केलेला नव्हता, तो राहतच्या खांद्यावर होता.

त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं ऊन कधीच येत नसे.