घंटी न वाजवता

रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी नोंदणी कार्यालयाच्या यंत्रखोलीत घंटी कोकलायची, आणि तिथला तंत्रज्ञ कपाळावर हात मारून घ्यायचा. शहरातल्या प्रत्येक माणसामागे यंत्रात एक अंक होता. जिवंत असेल तर एक, गेला असेल तर शून्य. एका घरातली माणसं एका ओळीत. ओळीतला एखादा अंक आपोआप उलटला, की बेरीज चुकायची आणि घंटी वाजायची.

उलटायचा तो नेमका त्याच्या थोरल्या भावाचा.

दादा वर्षापूर्वी याच खोलीत, याच खुर्चीत गेला होता. आता त्याच्या शून्याचा रोज एक व्हायचा आणि त्याच्या नावाने घरी पत्र सुटायचं: आरोग्य तपासणीला या. वहिनी ती पत्रं उशाखाली ठेवायला लागली होती. तिचं जेवण सुटलं होतं. "आजपासून एकही येणार नाही," असा शब्द तो सकाळी तिला देऊन आला होता.

केबल बदलून झाली, मेमरी बदलून झाली, साहेबांची बोलणी खाऊन झाली. हे काम दादानेच शिकवलेलं. "एक अंक उलटला तर यंत्र ओरडतं रे. एक चढला नि एक उतरला, असे दोन उलटले की बेरीज जुळते, मग त्याला पत्ताही लागत नाही."

आज त्याने शून्य टाकलं, लगेच घंटी. पुन्हा शून्य, पुन्हा घंटी. सातव्यांदा त्याचं डोकंच फिरलं.

"पुरे कर ना, दादा! जीव नकोसा केलायस. यायचंच असेल तर नीट ये... घंटी न वाजवता!"

घंटी थांबली. खोलीत दादाच्या खोकल्याच्या गोळीचा वास आला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: ओळ बरोबर.

सुटलो एकदाचा, म्हणत त्याने पिशवी उचलली आणि दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. हे दारही नोंदणीलाच विचारून उघडायचं. त्याने काचेवर मुठी आपटल्या. पलीकडे बसलेल्या पहारेकऱ्याने त्याच्याकडे पाहत सावकाश जांभई दिली.

फोन वाजला.

"वहिनी, जरा कार्यालयात फोन करून सांगा, मी आत..."

"भाऊजी? तुमचा आवाज येत नाहीये..." ती कुजबुजत होती, पण वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या आवाजात हसू होतं. "पत्राचं राहू द्या आता. हे आलेत. जेवायला बसलेत... म्हणतात, धाकट्यानं बोलावलं."

तो पडद्याकडे वळला. दादा, एक. वहिनी, एक. त्याखालचं स्वतःचं नाव वाचायला तो पुढे गेला नाही. घंटीकडे मात्र कितीतरी वेळ बघत राहिला.