चष्म्याच्या सात खुणा

मी गायला गेलेच नव्हते. एप्रिलचा शनिवार, कॅनडातल्या सस्काटूनमध्ये तरीही उणे दहा. ग्रोसरी करून घरी जाताना वॉशरूम शोधत मी एका चर्चच्या बेसमेंटमध्ये शिरले. परत निघाले, तर तिथल्या कॉयरच्या कंडक्टर ब्लांचबाईंनी मला नवी गायिका समजून हातात पुस्तक कोंबलं अन् रांगेत उभं केलं. वसंताच्या स्वागताचं चाळीस मिनिटांचं इंग्रजी समूहगान होतं. बाहेर फावड्यानं बर्फ शोव्हल करायचं अन् आत कोकिळेला बोलवायचं.

"आता काय करू बाप्पा…" मी पुटपुटले.

"नुसतं तोंड हलव," शेजारचा गोल चष्मेवाला चक्क मराठीत म्हणाला.

कास्मिर. वसईचा, लहानपणापासून चर्चमध्ये गाणारा. पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. गाण्यासाठी नाही, खोटं कशाला बोलू.

मग एकदा तापामुळे माझी प्रॅक्टिस बुडाली. कास्मिरनं माझ्या पुस्तकात त्या दिवशीच्या सगळ्या सूचना पेन्सिलीनं उतरवून दिल्या. उघडते तर काय — ठिकठिकाणी इवलासा गोल चष्मा काढलेला! सात ठिकाणी. चष्मा म्हणजे कोण, हे काय मला कोणी सांगायला हवं होतं? त्या त्या जागी मी मान वळवून त्याच्याकडे बघायला लागले. तो लाल व्हायचा, सुरातून घसरायचा, हसायचा… पण बोलायचा काहीच नाही. मी आवडते याला, की नाही? विचार करून करून माझं डोकं भणभणायचं.

कॉन्सर्टच्या आदल्या शनिवारी ब्लांचबाईंनी गाणं मध्येच थांबवलं. "रुचा, डियर, चष्म्याची खूण म्हणजे कंडक्टरकडे बघ. सगळ्या कॉयरमध्ये असतं ते."

सगळे हसले. मी कोट उचलला अन् पार्किंगमध्ये येऊन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला लागले. इथे परत पाय ठेवायचा नाही, ठरलं माझं.

कास्मिर कोट न घालताच मागे आला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी कळलं."

"अन् तीन शनिवार माझा पोपट होऊ दिलास?"

"दर वेळी सांगायचं ठरवून यायचो…" तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पण सांगितलं असतं, तर तू माझ्याकडे बघायची थांबली असतीस."

माझा हात काचेवरच थांबला. चांगलं ओरडायचं होतं मला.

"आवडतेस तू मला," तो म्हणाला. "हे आधी बोलायला हवं होतं."

"मला तुझा भयंकर राग आलाय, कास्मिर. अन् तूही मला आवडतोस. दोन्ही एकदम. काय करायचं, काही कळत नाहीये."

"आत चल. सगळे थांबलेत."

"आत जाऊन काय सांगू त्यांना?"

त्यानं माझा गारठलेला हात हातात घेतला. "काही नको सांगूस. असे गेलो की कळेल त्यांना."

आणि मी गेले.