सिस्टीमला चाळीस, बाकी पोरींना

मोताळ्याला निवेदिता बसमध्ये चढली तेव्हा एकच जागा रिकामी होती... आणि शेजारच्या तरुणाच्या मांडीवर चक्क संगणकाचा डबा!

राजूर घाटाच्या पहिल्याच वळणाला डबा तिच्या कोपरावर आदळला.

"माफ करा हो मॅडम! तक्रार घेऊन चाललो बुलडाण्याले. रोहिणखेडच्या शाळेत शिकवतो मी, सौमित्र. डिस्क एकशेवीस जीबीची, त्यातली शंभर सिस्टीमनंच बळकावली! पोरींनी गावाच्या गोष्टी लिहिल्या, फोटो टाकले, अन् आता काही सेव्हच होऊन नाही राह्यलं. ज्यानं हे वाटप केलं ना, त्याले अक्कलच नाही!"

"'त्याले' नाही, 'तिला' म्हणा."

"आं?"

"मीच केलंय ते. जिल्ह्यातल्या शाळांसाठी."

त्याचे कान लालबुंद झाले. तिला राग यायला हवा होता, पण हसूच फुटलं.

"सिस्टीमला कमी पडू नये म्हणून जास्त दिली," ती म्हणाली. "नेमकी किती लागते... मोजून कळवाल?"

तो रोज चारला कळवू लागला. 'आज बावीस.' 'अपडेटनंतर एकतीस. इकडे आभाळ आलंय, तिकडे?' निवेदिताचं मन कामात लागेना. साडेतीनपासून ती उठायची, बसायची, फोन पालथा घालायची, पुन्हा उताणा करायची.

महिन्याभरात आकडा ठरला. सिस्टीमला चाळीस, बाकी सगळी जागा मुलांच्या फायलींना. नवी रचना शाळाशाळांत गेली. 'पोरी लय खूश. आभार,' सौमित्रनं लिहिलं. बस्स! दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्याही नाही.

पाचव्या दिवशी तिनं रोहिणखेडची बस धरली.

शाळा सुटली होती. संगणकाच्या खोलीला कुलूप लावता लावता तो थबकला.

"मॅडम? काही बिघडलं का?"

"नाही."

"मंग काऊन आल्या?"

"तुम्ही लिहिणं का बंद केलं?"

"बंद कुठं..." तो किल्लीशी चाळा करत राहिला. "रोज लिहितो अन् पुसतो. मोजाले काही उरलंच नाही, मंग काय निमित्तानं पाठवू?"

"बिननिमित्ताचं पाठवा."

"आता समोर आल्या... तं बोलूनच टाकू?"

"लवकर बोला. पाचची बस आहे माझी."

"मले तुमी आवडता," तो एका दमात म्हणाला.

तिच्या ओठांवर शहरी भाषा काही येईना.

"मले बी," ती म्हणाली.

रस्त्यावर हॉर्न वाजला. बस धुरळा उडवत निघाली.

"गेली की हो तुमची बस!"

"जाऊ दे... अन् 'तुमची' काय? 'तुझी' म्हण."