आबांच्या घराची किंमत

एकाच वर्षी, एकाच मिस्त्रीने बांधलेली, शेजारी शेजारी उभी दोन घरं. खोल्या तेवढ्याच, अंगण तेवढंच. मग वानखडेकाकूंच्या घराला आबांच्या घरापेक्षा बारा लाख जास्त का मिळावेत? सांगा पाहू! सुट्टीत नागपूरहून आलेल्या आठ वर्षांच्या शाल्मलीलाही हे कोडं सुटेना. तिचे आबा अकोल्याचं हे घर विकून नागपूरला, तिच्या घरासमोरच्याच इमारतीत राहायला येणार होते. रोज तिला चालत शाळेत सोडणार होते. तिथला फ्लॅट मालकाने शुक्रवारपर्यंतच राखून ठेवला होता, आणि नेमके तेवढेच बारा लाख कमी पडत होते.

बरं, आबा काही साधेसुधे नव्हते. आयुष्यभर सौरऊर्जेवर (सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या विजेवर) संशोधन केलेले शास्त्रज्ञ. २०६१ सालीही त्यांच्याइतकी सौर पॅनेल गल्लीत कुणाच्या गच्चीवर नव्हती.

“तुझं गणित चुकलंय,” घराची किंमत ठरवायला आलेल्या यंत्रमानवाला ते म्हणाले. त्याचं नाव मापारी. “माझं वीजबिल शून्य येतं.”

“आबासाहेब, घर किती वीज तयार करतं ते मी नंतर बघतो,” मापारी नम्रपणे म्हणाला. “आधी बघतो ऊर्जामान (घर राहण्याजोगं ठेवायला वर्षाला किती वीज लागते त्याचा आकडा). शाल्मली, या भिंतीला हात लाव.”

संध्याकाळचे साडेसात वाजले होते. तरी भिंत चांगलीच तापलेली होती. शाल्मलीने हात मागे घेतला.

“ऊन तर केव्हाच गेलं,” ती म्हणाली.

“बाहेरून गेलं. स्लॅब आणि ही पश्चिमेची भिंत दिवसभर तापतात आणि ती उष्णता आता घरात सोडतात. या वेळी पॅनेलला ऊन नसतं. मग एसी बॅटऱ्यांवर चालतो, आणि त्या सगळ्या बॅटऱ्या यंदा बदलायला आल्यात. बादलीला भोक पडलं तर तू काय करशील?”

“बुजवीन.”

“आबांनी नळ मोठा केला. घर घेणारा नुसत्या भिंती घेत नाही, पुढच्या वीस उन्हाळ्यांचा खर्चही घेतो. तेवढे पैसे तो किमतीतून वजा करतो. काकूंच्या छतावर उष्णतारोधन (उष्णता आत शिरू न देणारा थर) आहे, वर दर मार्चात चुना मारलेला, आणि पश्चिमेला कडुनिंब आहे.”

“कडुनिंब आपल्याकडेही होता,” आबा शाल्मलीला हळूच म्हणाले. “पॅनेलवर सावली यायची म्हणून मीच तोडला. तुझी आई तेव्हा चौदा वर्षांची. दोन दिवस जेवली नाही ती. मी म्हटलं, एवढी वीज असताना सावली हवी कशाला? काकू गच्चीवर चुना मारायच्या तेव्हा मी हसायचो. उभा जन्म मी वीज किती तयार होते तेवढंच मोजलं गं. किती कमी लागेल, हे कधी मोजलंच नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग फ्लॅटच्या मालकाला फोन लावला आणि सांगितलं, “दुसऱ्या कुणाला देऊन टाका.” शाल्मलीला रडूच आलं.

“छताला थर द्या, चुना मारा, या भिंतीला बाहेरून आडोसा करा,” मापारी म्हणाला. “दोन उन्हाळ्यांचे आकडे चांगले आले की मी नवं ऊर्जामान देईन. किंमत नक्की वाढेल.”

“दोन वर्षं,” आबा म्हणाले. “तोवर तू सायकलने शाळेत जायला लागशील. मग मी कुणाला सोडू?”

शाल्मलीने फ्रॉकच्या बाहीला नाक पुसलं आणि थोडा विचार केला.

“मी सायकल हातात धरून चालेन,” ती म्हणाली.