चाटलेला चेंडू

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या दाजींच्या बाबतीत घडलंय, आणि दाजी थापा मारणाऱ्यातले नाहीत. लिफ्ट दुरुस्त करतात. अंधाऱ्या खड्ड्यात एकटे उतरतात आणि वर येऊन निवांत चहा पितात.

गेल्या उन्हाळ्यातली शनिवारची संध्याकाळ. गावाबाहेरचं पालिकेचं गोल्फ मैदान. तिकीट काढून कुणीही खेळावं, असं.

दाजींचे वडील आयुष्यभर तिथेच खेळले. त्यांना एक घाणेरडी खोड होती. मातीनं माखलेला चेंडू ते जिभेनं चाटून साफ करायचे, मग पँटवर पुसायचे. बघणारे तोंड फिरवायचे.

सगळ्यात जास्त किळस यायची ती दाजींच्या थोरल्या भावाला. ते दाताचे डॉक्टर. सारखे हात धुणार, दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावणार नाहीत. वडील गेले तेव्हा त्यांनी वडिलांच्या कपाळावरून हात फिरवला आणि तडक बेसिनवर जाऊन साबणानं धुतला. दाजींचं टाळकंच सरकलं. सगळ्यांदेखत बोलले, "बापाचीही घाण वाटते का रे तुला?"

तेव्हापासून बोलणं बंद.

आणि आता थोरल्यांनीच निरोप धाडला होता, रविवारी खेळू या म्हणून. दाजी हरखले. काही बिनसू नये म्हणून आदल्या संध्याकाळीच वेळ ठरवायला गेले.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "दोघांनाच सोडत नाही. एक आजोबा एकटे आहेत, त्यांना तुमच्यात घालतो."

दाजींची काही हरकत नव्हती. ते मैदान बघत निघाले. पाणी कुठे, वाळू कुठे, भावाचे गुडघे दुखले तर बसायचं कुठे...

मैदानात चिटपाखरू नव्हतं. गवतात किडासुद्धा किरकिरत नव्हता.

मागून आवाज आला... चप्... चप्...

वळून पाहिलं. कुणी नाही.

शेवटच्या होलपाशी, झेंड्याखाली, एक चेंडू पडला होता. दाजींनी उचलला. ओला होता... आणि कोमट.

बोटांना लाळेची तार लागली. किडलेल्या दाताचा वास. दाजी तिथेच ओकले. हात गवतावर घासले, मातीत घासले. वास जाईना.

घरी ताईनं विचारलं, "काय मेलेलं हाताळून आलात?"

दाजींनी पुन्हा साबण घेतला. भावाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तो आलाच नसता.

सकाळी थोरले आले. आजोबांचा पत्ता नव्हता. तरी काउंटरवाला म्हणाला, "तिघंही आलात ना, जा पुढे."

थोरल्यांचा पहिलाच चेंडू पाणी मारलेल्या चिखलात गेला. त्यांनी तो उचलला. दाजी खिशातून रुमाल काढत होते...

थोरल्यांनी जीभ बाहेर काढली.

सावकाश, गोल फिरवत, सगळा चेंडू चाटला. पँटवर पुसला. "चल," म्हणाले, आणि हसले.

आता दर शनिवारी त्यांचा फोन येतो. इतक्या वर्षांनी भाऊ परत मिळालाय, दाजींना नाही म्हणवत नाही. जातात, खेळतात, घरी येऊन ओकतात.

काल मी दाजींकडेच होतो. फोन स्पीकरवर होता.

"उद्याची वेळ ठरव," थोरले म्हणाले. "तिघांची."

आणि त्यांच्या मागून... चप्... चप्...

दाजी "हो" म्हणाले. ताईनं फोन फडक्यानं पुसला आणि ते फडकं बाहेर टाकून आली.

मी तर त्या फोनला बोटही लावलं नव्हतं. तरी कालपासून हात धुतोय.