एकीला दिलेली चीर

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. स्टीलचं सिंक, एक करकरणारा पंखा, बरण्यांनी भरलेली कपाटं, आणि भिंतींतही मुरलेला अल्कोहोलचा वास. तिथे मी बिनशंखी गोगलगाईंवर काम करायचे. गोगलगाईच त्या, फक्त पाठीवर शंख नसतो. बाहेरून बहुतेक सारख्या दिसतात. जात नवी की जुनी, हे पोट उघडल्यावर कळतं.

या वेळच्या मला एका बंद पडलेल्या दगडखाणीत मिळाल्या. ओल्या कपारीत एकमेकींना चिकटून त्यांचा नुसता गोळा झाला होता. रंग राखाडी, पोटाशी पिवळी कड. अशी जात कुणी नोंदवल्याचं माझ्या वाचनात नव्हतं. ओल्या पाल्यासकट त्या डब्यात भरल्या आणि उशीर झाला म्हणून सरळ घरी आणल्या. सासूबाईंनी डबा पाहिला आणि स्वयंपाकघराचं दार माझ्या तोंडावर लावून घेतलं. तसंही आमचं बोलणं कामापुरतंच असायचं.

दुसऱ्या दिवशी खोलीत बसून मी एकीच्या शेपटीचं टोक डीएनएसाठी कापलं. एवढं त्या सहज सोसतात. झाकण लावून जेवायला गेले. परत येऊन पाहते, तर डब्यातल्या सगळ्यांच्या शेपट्या तुटलेल्या. सगळ्यांचा काप माझ्याच कात्रीसारखा, तिरका. मी पाला पान न् पान उलटून पाहिला. तुकडे कुठेच नव्हते.

आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. मी दमले असेन, एकीऐवजी सगळ्याच कापल्या असतील, असं त्यांनी दारात उभं राहूनच ठरवून टाकलं. मला पुरते ओळखून होते ते, आणि मीही त्यांना. नव्या जातीच्या लेखावर त्यांना आपलं नाव पहिलं हवं होतं. शिवाय पित्ताशयाचं ऑपरेशन तोंडावर आलेलं, त्याच्या आत काम उरकायचं होतं. त्यांनी डबा स्वतःकडे ओढला.

चिरण्याआधी गोगलगाईंना पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे शरीर सैल पडतं. साहेब थांबले नाहीत. एक जिवंत उचलली, ट्रेमध्ये दाबून धरली आणि पाठीवरून ब्लेड ओढलं. ती एकदम ताठरली. ब्लेड तिच्यातून निसटून त्यांच्या तर्जनीत घुसलं. शिवी हासडून ते नळाकडे गेले.

मी डब्यात पाहिलं.

उरलेल्या सगळ्यांच्या पाठी उभ्या चिरल्या गेल्या होत्या. चिकट द्रवाचा थेंब नाही, काही नाही. आणि त्या चालत होत्या. डब्याच्या भिंतीवरून सावकाश वर. डोळ्यांची शिंगं पूर्ण ताणलेली, सगळी सिंककडे वळलेली.

साहेबांनी डब्यात काठोकाठ अल्कोहोल ओतलं. "आता लिहायला बस," म्हणाले.

मी लिहायला बसले आणि पेन बोटाला झोंबलं. माझ्या तर्जनीवर बारीक, तिरपी चीर होती. ब्लेडला मी हातही लावला नव्हता.

संध्याकाळी निघताना दारावरच्या पहारेकऱ्याच्या त्याच बोटाला पट्टी दिसली. बसल्या जागी कापलं म्हणाला, कशाने ते कळलं नाही. आमच्या खोलीत तो कधी आलेलाच नव्हता.

घरी सासूबाई बोटाला चिंधी गुंडाळून माझी वाट बघत बसल्या होत्या.

"तुझी हत्यारं घरात आणायची नाहीत."

"मी काही आणलेलं नाही, आई."

"मग हे काय?"

त्यांनी चिंधी सोडली. तेच पेर. तसाच तिरपा काप.

मी साहेबांना फोन लावला. ते दवाखान्यात दाखल झाले होते, सकाळी ऑपरेशन होतं. थोडं पुढे ढकला, एवढंच मी म्हणू शकले. कारण काय सांगणार? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी इथे पडलेला असताना लेख एकटीच्या नावाने पाठवायचा आहे ना? पाठव. बघून घेईन तुला."

त्यानंतर फोन बंद. मग दवाखान्यात फोन केला, तर तिथल्या बाईंनी विचारलं, मी नात्याची कोण. कोणीच नाही म्हटल्यावर त्यांनीही फोन ठेवला.

सकाळी मी कामावर गेले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. लख्ख ऊन होतं. सासूबाईंनी चहा ओतला आणि एक कप माझ्यापुढेही सरकवला. हे त्या कधी करत नसत.

खाली झाडूवाला रस्ता झाडत होता. समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे पिळत होती. आतापर्यंत साहेबांना भूल दिली असेल, असं माझ्या मनात आलं.

झाडूवाला थांबला. झाडू भिंतीला टेकवून त्याने उजव्या बरगडीखाली हात ठेवला, कान देऊन काही ऐकावं तसा.

समोरच्या बाईच्या हातातून ओला कपडा सुटला.

माझ्या मागे कप बशीत टेकला, अगदी हळू. "अगं," सासूबाई म्हणाल्या.

मी वळले नाही. माझाही हात केव्हाचा तिथेच होता.